नवरात्रात बडोद्याला येताय? मग यादी आधी मला दाखवा

"दोन दिवसांत बडोद्यातलं काय काय होईल गं?" असा फोन दर वर्षी येतोच. पुण्याच्या जाऊबाई, नाशिकचा मावसभाऊ, मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. प्रत्येकाला शुक्रवारी रात्री निघून सोमवारी परत कामावर हजर व्हायचं असतं. मधल्या वेळात राजवाडा, म्युझियम, तीन मैदानांवरचे गरबे, पावागड आणि जमलंच तर स्टॅच्यू ऑफ युनिटीसुद्धा हवा असतो. मी दांडिया बाजारात राहते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे, आणि पाहुण्यांच्या याद्या खोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझा हिशोब सरळ आहे: एका दिवसाला एक भिंत, एका रात्रीला एक मैदान. पावागडला नवरात्रात पायऱ्यांवरसुद्धा रांग असते, ते नाव आधी खोडा.

कोणता शनिवार

नवरात्राच्या नऊ रात्रींत एक शनिवार-रविवार मिळतोच, एखाद्या वर्षी दोन मिळतात. दोन असले तर पहिला घ्या. अष्टमी-नवमीला मैदानात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या रात्री लोक अजून पावलं आठवत असतात, रिंगणं सैल असतात आणि नवख्याला कुणी रेटत नाही. शिवाय अष्टमीला आमच्या घरांतून होम, सवाष्ण, कुमारिका असं सगळं असतं. त्या दिवशी यजमानीणबाईंनी तुमच्याकडे लक्ष द्यावं ही अपेक्षा ठेवू नका.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे नवरात्राची तिकिटं श्रावणातच काढायची. गणपती झाले की बघू, असं म्हणणारे मग रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून येतात आणि शनिवारचा अर्धा दिवस लोळण्यात घालवतात.

घट बसलेल्या घरात उतरताना

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर हे लक्षात ठेवा. घट बसलेले असले आणि अखंड दिवा असला की घर रिकामं टाकत नाहीत. कुणीतरी एक जण मागे राहतोच, म्हणून "सगळे मिळून जाऊ या ना" असा आग्रह धरू नका. देवघराच्या खोलीतला पंखा विचारल्याशिवाय लावू नका; ऑक्टोबरात उकडतं हे आम्हालाही कळतं, पण वात आम्हाला सांभाळायची असते. आणि तुमचा उपास कोणता ते फोनवरच सांगून टाका. नऊ दिवसांचा, उठता-बसता, की मुळीच नाही? साबुदाणा भिजवायचा तर रात्रीच भिजवायला लागतो. सकाळी दात घासताना "अहो, मला आज उपास आहे" म्हणणाऱ्या पाहुण्याला भगर मिळते, तीही कोरडी.

येताना देवीला झेंडूची माळ आणलीत तर उत्तम. मिठाई नको. घरात आधीच चार खोकी पडून असतात.

शनिवार सकाळ: तांबेकर वाडा

शुक्रवारी रात्रभर प्रवास झालेला असतो, म्हणून शनिवारी फार पसारा मांडू नये. आंघोळ, नाश्ता आणि मग रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एवढंच. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा राहता वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. गल्लीतून चालत जाताना शेजारची घरं आणि दुकानं बघून इथे काही असेल असं वाटतच नाही. आत लाकडी जिना चढून गेलात की भिंती, दारं, छत, जिकडे बघाल तिकडे चित्रं. महाभारत आहे, कृष्णकथा आहेत, मराठे आणि इंग्रज आहेत, आरशासमोर सजणाऱ्या बायका आहेत.

चित्रं बघायची माझी एक रीत आहे. आत गेल्या गेल्या मोबाइल काढू नका. खोल्या अंधाऱ्या आहेत. दोन मिनिटं नुसतं उभं राहून डोळे सरावू द्या. मग सगळ्या खोल्या धावत बघण्यापेक्षा एकाच भिंतीसमोर थांबा आणि फक्त कपडे बघा. कुणाच्या पगडीचा घाट कसा आहे, लुगड्याचा काष्टा कुठे खोचलाय, नाकातली नथ केवढी. चित्रकाराला मराठी माणूस ओळखीचा होता, साहेब मात्र त्यानं जरा लांबूनच पाहिला असावा, असं मला दर वेळी वाटतं. टोप्या अचूक आहेत आणि चेहरे आपल्या इथलेच. मुलं बरोबर असतील तर त्यांना हत्ती, घोडे शोधायला लावा, ती अर्धा तास गप्प बसतात. भिंतीला हात लावायचा नाही, पाठ टेकायची नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. जिना अरुंद आहे, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी सावकाश उतरावं. निघण्याआधी वाडा त्या दिवशी उघडा आहे ना, हे यजमानांना विचारून घ्या.

तिथून चालत सुरसागरावर या. तळ्याच्या काठाजवळ युनिव्हर्सिटीची संगीत, नृत्य आणि नाट्याची शाखा आहे. तिचं मूळ १८८६ मध्ये सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली काढलेल्या गायनशाळेत आहे. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय संगीत परिषद पहिल्यांदा भरली तीही बडोद्यातच, आणि उस्ताद फैयाज खाँ इथलेच दरबारगायक. हे मी मुद्दाम सांगते, कारण रात्री मैदानावर गेलात की कळेल: इथला गरबा गायला जातो. स्टेजवर गायक असतात, ढोल-तबला असतो, आणि ठेका सैल पडला तर घागरा घातलेली सोळा वर्षांची पोरगीसुद्धा कपाळाला आठ्या घालते. सिनेमाची गाणी लावून उड्या मारायच्या असतील तर ती सोय तुमच्या सोसायटीतही होत असेल.

दुपारी झोपा. हे मी हक्कानं सांगते. दुपारी न झोपलेला पाहुणा रात्री अकराला "कधी निघायचं?" विचारायला लागतो आणि सगळ्यांचा विरस करतो.

संध्याकाळी भोंडला, डबा बंद ठेवून

बडोद्यातल्या मराठी घरांचं नवरात्र दुहेरी असतं. दिवेलागणीला भोंडला, जेवणं झाली की गरबा. भोंडल्याचं बोलावणं आलं तर टाळू नका. पाटावर रांगोळीनं किंवा तांदळानं काढलेला हत्ती, त्याच्याभोवती हात धरून फेर, नातीपासून पणजीपर्यंत सगळ्या. गाणी पाठ नसली तरी चालतं; शेवटचा शब्द मोठ्यानं म्हटला की भागतं.

खरी परीक्षा खिरापतीची. पाहुणीनं खिरापत आणायची तर डबा असा हवा की हलवला तरी आत काय आहे ते कळू नये. मुली डबा कानाशी नेतात, हलवतात, वास घेतात. खुळखुळलं की चणे किंवा दाणे, गप्प राहिलं की वडी, जड लागलं की शिरा, इतका त्यांचा अभ्यास झालेला असतो. म्हणून कोरडी खिरापत कागदात घट्ट गुंडाळून वर रुमाल कोंबा. "गोड की तिखट?" हा प्रश्न पहिला येतो, त्याला खरं उत्तर द्यावंच लागतं. पुढचे अंदाज ठरलेले असतात: ढोकळा, हांडवो, लीलो चेवडो. बडोद्याच्या मुलींना हरवायचं असेल तर तुमच्या गावचं काहीतरी आणा. जाऊबाईंनी एका वर्षी मासवडी आणली. "तिखट" म्हटल्यावर मुलींची सगळी फरसाणाची यादी संपली, आणि कुणालाच ओळखता आलं नाही.

भोंडल्याला शेजारच्या गुजराती बायकाही येतात. त्या आमची गाणी म्हणतात, मग रात्री आम्ही त्यांची. यात कुणालाच काही विशेष वाटत नाही.

कपडे, पास, पाय

मोठ्या मैदानांचे पास आठवडे आधी निघतात, बहुतेक ऑनलाइन. खेळणाऱ्यांचा पास वेगळा, बघणाऱ्यांचा वेगळा. बघणाऱ्यांच्या पासावर रिंगणात सोडत नाहीत, तिथे दारावरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. आयत्या वेळी कुणाकडून तरी चढ्या भावात पास घेऊ नका. युनायटेड वे या संस्थेचा गरबा सगळ्यांनी ऐकलेला असतो, अतुल पुरोहित तिथे वर्षानुवर्षं गात आले आहेत, आणि तिथली गर्दी एकदा डोळ्यांनी बघण्यासारखी आहे खरी. पण सोबत लहान मूल किंवा सत्तरीच्या सासूबाई असतील तर तिथे नेऊ नका. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स शाखेच्या आवारातला गरबा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा: छोटा, संथ, गाण्याला धरून. तिथे मात्र ओळखीशिवाय शिरकाव होणं कठीण. कुणी तिथला विद्यार्थी नात्यात असेल तर आत्तापासून त्याची विचारपूस सुरू करा.

बहुतेक मैदानांवर पारंपरिक पोशाख लागतो. चणिया-चोळी विकत घ्यायची गरज नाही, भाड्यानं मिळते. घ्यायचीच असेल तर मंगळ बाजार नाहीतर नवा बाजार, आणि भाव करताना मराठीतून केला तरी समजतो. घागरा घोट्याच्या वरच हवा. जमिनीला टेकणारा घागरा फोटोत छान दिसतो आणि तिसऱ्या फेरीत पायात येतो. नाडीला दुहेरी गाठ, ओढणीला तीन ठिकाणी पिना. पुरुषांना केडियुं नको असेल तर साधा झब्बा चालतो. आमच्यातल्या काही जणी नऊवारी नेसून खेळतात. धावायला, वाकायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

बडोद्यात मैदानावर अनवाणी खेळायची पद्धत आहे. सवय नसलेल्यांच्या तळव्यांना पहिल्याच रात्री फोड येतात. घरून निघतानाच अंगठ्याखाली आणि चवड्यावर औषधाच्या दुकानात मिळते ती चिकटपट्टी लावा, दोन पदर. जुन्या चपला घालून जा, त्या कापडी पिशवीत घालून न खेळणाऱ्या माणसाकडे द्या. आणि आत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवा. हजारो माणसांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

रिंगणात शिरायचं कसं

आता मुख्य गोष्ट. साधारण नऊ-साडेनऊला रंग भरायला लागतो. सुरुवातीचे गरबे देवीचे आणि विलंबित असतात, लय पुढे चढत जाते. नवख्यांनी हाच पहिला भाग पकडायचा. "उशिरा जाऊ, तेव्हा मजा असते" हे ज्यांची पावलं बसलेली आहेत त्यांच्यासाठी.

मैदानात एकात एक अशी रिंगणं असतात. मधली सराईतांची, बाहेरची कुटुंबांची. तुम्ही सगळ्यात बाहेरच्या रिंगणाजवळ थांबा. तरुण पोरांकडे बघू नका, ती गिरक्या घेतात आणि तुमचा गोंधळ उडतो. एखादी पन्नाशीची बाई हेरा, जिचा घाम अजून निघालेला नाही. तिचीच पावलं बरोबर असतात. आधी जागेवर उभं राहून नुसत्या टाळ्या जुळवा. बे ताळी म्हणजे दोन टाळ्यांचा, त्रण ताळी म्हणजे तीन टाळ्यांचा. आमच्याकडे त्रण ताळीत मध्याकडे पाऊल टाकत वाकून एक टाळी, सरळ होत दुसरी, मागे सरकत तिसरी, असं बसतं. हींच हा ताल लागला की मात्रा सहा. दादरा ऐकलेल्या कानाला तो लगेच सापडतो.

टाळ्या जुळल्या की चालायला लागा. रिंगण घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, म्हणजे पुढे तोंड केलं की मध्य तुमच्या डाव्या हाताला. रिंगणाच्या बाहेरून, त्याच वेगानं, टाळ्या न वाजवता चार-पाच पावलं चाला. दोघींच्या मधे फट दिसली की तिरकं आत या, आडवं मुळीच नाही. आत आल्यावर पुढचीच्या पाठीकडे लक्ष ठेवा, स्वतःच्या पायांकडे नाही. ताल सुटला तर थांबू नका. नुसतं चालत राहा, पुढच्या ओळीला पाऊल आपोआप सापडतं. थांबलात तर मागून येणारा पोरगा आदळतो आणि "मासी, चालता रहो ने!" म्हणतो. तो रागावलेला नसतो, पण तुम्हाला तसं वाटतं. दमलात की उजवीकडे, बाहेरच्या अंगाला निघायचं. रिंगण कापून मधून पळत जाणं ही इथली सगळ्यात मोठी असभ्यता. त्याखालोखाल चालत्या रिंगणात उभं राहून सेल्फी काढणं.

दोढियुं नावाची अवघड पावलं शिकायची घाई करू नका. आमच्या भाचेजावयांनी यूट्यूबवर बघून ती पाठ केली, पण साधी बे ताळी येत नसल्यामुळे सगळा वेळ कडेलाच उभे होते.

गरब्याला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली २०२३ च्या डिसेंबरात. त्याचे फलक लागले, भाषणं झाली. रिंगणात त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत चालतील हे सरकार ठरवतं. बंद झाले की लाखभर माणसं एकदम रस्त्यावर येतात. त्या गर्दीत रिक्षा शोधू नका. अर्धा तास कुठेतरी खात बसा. नवरात्रात खाण्याच्या गाड्या उशिरापर्यंत उघड्या असतात. सेव-उसळ घ्या. तर्री वेगळी देतात, ती बेतानं ओता. मिसळीशी तुलना मनातल्या मनात करा.

रविवार

रविवारी सकाळी कुणी लवकर उठत नाही, तुम्हीही उठू नका. उठल्यावर पाय कोमट पाण्यात, मीठ टाकून. अकराच्या सुमारास कीर्तिमंदिर. विश्वामित्रीच्या जवळ गायकवाडांच्या पूर्वजांचं हे स्मारक सयाजीरावांनी बांधवून घेतलं, ते १९३६ मध्ये पूर्ण झालं. आतल्या चार भिंतींवर नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या वर्षांत चित्रं काढली: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, टागोरांच्या नाटकातली नटीची पूजा आणि महाभारतातलं युद्ध. आदल्या दिवशी तांबेकर वाडा बघितलेला असला की इथे मजा येते. तिथे इंच न् इंच भरलेला, इथे रेषा मोकळी सोडलेली. मला विचाराल तर गंगावतरणासमोर बसा आणि बाकीच्या भिंतींना नुसता नमस्कार करा. शाळेत असताना मी मुलांना इथे आणून फक्त हातांची बोटं काढायला लावायची. किती तऱ्हेचे हात आहेत ते काढायला बसल्याशिवाय कळत नाही.

मुलं कंटाळली तर कमाटीबाग जवळच आहे. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी सापडलेला. मुलांना तेवढा पुरतो. राजवाडा आणि तिथली रविवर्म्याची चित्रं यांना स्वतंत्र दिवस हवा, गरब्याच्या शेपटीला ते बांधू नका.

रविवारी रात्री मैदान नको, पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्तीत जा. मांडवी दरवाजाच्या भोवतालच्या जुन्या पोळांमधून शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा चालतो. मधे देवीची मांडवी (छोटा मांडव) किंवा गरबा म्हणतात तो छिद्रांचा मातीचा घट, आत दिवा, भोवती पोळातल्याच बायका. पास नाही, पोशाखाची सक्ती नाही, सासूबाईंना ओट्यावर खुर्ची मिळते. घडियाळी पोळात अंबामातेच्या देवळासमोर फक्त पुरुष गरबा खेळतात आणि बायका बसून बघतात, ती जुनी रीत बघायला जरूर जा. पोळात शिरताना एक पाळा: आधी देवीला नमस्कार, मग कुणातरी वडीलधाऱ्या बाईला विचारणं, "रमी शकाय?", म्हणजे खेळता येईल का? होकारच मिळतो, पण विचारायचं. प्रसाद दिला तर तिथेच खायचा, पर्समध्ये टाकायचा नाही.

पावसाचंही सांगून ठेवते. ऑक्टोबरात एखादी सर येतेच आणि मैदानाचा चिखल होतो. आयोजकांच्या घोषणा बघा, आणि खेळ रद्द झाला तर हळहळत बसू नका, पोळ गाठा. तिथली फरशी पुसून तासाभरात गरबा सुरू होतो.

सोमवारची रजा टाकाच. रविवारी रात्री दहाची गाडी पकडणारे पाहुणे भोंडला करून निघून जातात आणि पोळातला गरबा त्यांना मी फोनवर ऐकवते.

नवरात्र साधलंच नाही, तर दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागरी आहे. तेव्हाही काही ठिकाणी गरबा होतो. गुजराती घरांत गच्चीवर चांदण्यात दूध-पौवा, आमच्याकडे आटवलेलं मसाला दूध. दोन्हीकडची बोलावणी येतात आणि दोन्हीकडे जायचं असतं. दिवाळीनंतर देवदिवाळीला नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे वरात निघते, थेट तुळशीवाडीपर्यंत, देवाच्या लग्नाला. त्या वेळी हवाही बरी असते आणि पासही लागत नाही. फक्त वरघोड्याच्या रस्त्यावर ज्यांचं घर आहे अशा कुणाशी तरी ओळख काढा. गॅलरीतली जागा दुपारीच भरते.